उसनी आगगाडी

दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सवरच्या कितीतरी माहितीपटांत एक गाडी पुन्हा पुन्हा येते. निवेदक ज्यूंच्या हद्दपारीपाशी पोचला की ती पडद्यावर उमटते. फलाटावर सुटकेसा आणि गाठोडी, मालडब्यांत चढणारी माणसे, दाराच्या फटीतून बाहेर पाहणारी, डोक्याला पांढरे फडके बांधलेली एक मुलगी. दार ओढले जाते, गाडी हलते. निवेदन पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीचे चाललेले असते, त्यामुळे गाडीही द्रांसीचीच असे पाहणाऱ्याला वाटते. ती गाडी फ्रान्समधली नाही. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीतून ती १९ मे १९४४ रोजी निघाली. छावणीप्रमुख आल्बर्ट कोनराड गेमेकर याच्या हुकमावरून तिचे चित्रण झाले आणि कॅमेरा होता रुडॉल्फ ब्रेस्लाउअर या ज्यू कैद्याच्या हाती. पुढे त्यालाही आउश्वित्झला पाठवण्यात आले.

या उसनवारीचे समर्थन करणारे लोक अडाणी नाहीत. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, द्रांसीहून सुटणाऱ्या एकाही गाडीची चित्रफीत आजवर हाती आलेली नाही. पण फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू हद्दपार झाले आणि त्यांतले बहुतेक आउश्वित्झला गेले, हे निर्विवाद आहे. डबे तसेच, रूळ तसेच, शेवट तोच. मग एका गाडीच्या जागी दुसरी दाखवली म्हणून खोटे काय ठरले? खुद्द आलँ रेने यांनी छळछावण्यांवरच्या ‘रात्र आणि धुके’ या १९५६च्या चित्रपटात वेस्टरबोर्कची दृश्ये वापरलीच होती ना?

हा युक्तिवाद मला पायापासून चुकीचा वाटतो.

पहिली गोष्ट, डबे तसेच नव्हते. फ्रान्समधून आउश्वित्झला गेलेली पहिली गाडी २७ मार्च १९४२ रोजी द्रांसीजवळून निघाली आणि कोंपियेन्यला आणखी कैदी घेऊन पुढे गेली. तिच्यात १,११२ पुरुष होते आणि तिचे डबे तिसऱ्या वर्गाचे, प्रवाशांचे होते. फलाटावरून पाहणाऱ्याला ती इतर कुठल्याही गाडीसारखीच दिसली असणार. मालडबे नंतर आले. या हद्दपारीची सुरुवात किती नेहमीच्या, ओळखीच्या रूपात झाली, हे समजणे फार महत्त्वाचे आहे, आणि पहिल्याच वाक्याला मालडबा दाखवला की नेमके तेच पुसले जाते. गंमत नव्हे, दुःख असे की वेस्टरबोर्कच्या मूळ फितीतही प्रवासी डबे आहेत. त्यांतली माणसे बेर्गन-बेल्झेनला चालली होती. तो भाग फारसा दाखवला जात नाही, कारण तो आपल्या मनात आधीच तयार असलेल्या चित्राशी जुळत नाही.

आणि ती मुलगी. पन्नास वर्षे तिला जग ‘ती ज्यू मुलगी’ म्हणून ओळखत होते. सगळ्या हद्दपारीचा चेहरा म्हणून ती पुस्तकांत छापली गेली, प्रदर्शनांत लावली गेली. आद वाखेनार या डच पत्रकाराने १९९४मध्ये तिचा माग काढला. ती सेट्टेला स्टाइनबाख, वय नऊ, ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या सिंती समाजातली. त्या गाडीतून २४५ सिंती आणि रोमा आउश्वित्झला नेले गेले. प्रतीक म्हणून ती इतकी सोयीची ठरली होती की ती कोण होती हे विचारण्याची गरज कुणाला भासली नाही, आणि तिच्या समाजाची हत्या तिच्याच चेहऱ्याआड झाकली गेली. ‘भावना खरी असली की पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी या पन्नास वर्षांचे उत्तर द्यावे.

पण माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्यासाठी कोंपियेन्यला जावे लागेल. रेल्वे, युद्ध आणि कॅमेरा यांची इतकी घट्ट गाठ फ्रान्समध्ये क्वचितच कुठे पडली असेल. इथल्या जंगलात, २४१९ क्रमांकाच्या रेल्वे डब्यात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी झाली. २२ जून १९४० रोजी तोच डबा, त्याच जागी ओढून आणून हिटलरने फ्रान्सकडून युद्धबंदीच्या करारावर सही करून घेतली. जर्मन कॅमेरे सज्ज होतेच. या प्रसंगाशी जोडला गेलेला ‘हिटलरचा नाच’ पुष्कळांनी पाहिला असेल. तो मुळात कोंपियेन्यचा नाही. फ्रान्सने युद्धबंदी मागितल्याची बातमी हिटलरला बेल्जियममधल्या मुख्यालयात कळली तेव्हा त्याने आनंदाने एक पाय आपटला. वाल्टर फ्रेंट्झच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या एका क्षणाच्या चौकटी दोस्तराष्ट्रांच्या प्रचारकांनी पुन्हा पुन्हा जोडल्या आणि नाच तयार केला. हेतू शत्रूला हास्यास्पद करण्याचा होता, बाजू न्यायाची होती. तरीही घडले ते खोटे, आणि ते अजून खरे म्हणून फिरते आहे.

त्याच कोंपियेन्यच्या स्थानकात ११ ऑगस्ट १९४२ रोजी पुन्हा कॅमेरे आले. जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या विशी राजवटीचे पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी जर्मनीशी सौदा केला होता. तीन कुशल कामगार जर्मनीला पाठवले तर एक फ्रेंच युद्धकैदी परत मिळणार. परतणाऱ्या कैद्यांची पहिली गाडी आणि निघालेल्या कामगारांची गाडी एकाच स्थानकात समोरासमोर आणण्यात आली. लाव्हाल यांचे भाषण झाले आणि वार्तापटांनी तो सोहळा देशभर दाखवला. व्यापलेल्या फ्रान्समधल्या प्रेक्षकांनी या वार्तापटांची एवढी हुर्यो उडवली होती की ते चालू असताना चित्रपटगृहातले दिवे अर्धे पेटते ठेवावे लागत, म्हणजे ओरडणारा कोण ते पोलिसांना दिसावे.

आता २७ मार्च आणि ११ ऑगस्ट या दोन तारखा शेजारी ठेवा. मार्चमध्ये त्याच स्थानकातून माणसे आउश्वित्झला गेली, तेव्हा कॅमेरा नाही. ऑगस्टमध्ये सौद्याची गाडी आली, तेव्हा कॅमेऱ्यांची गर्दी. कॅमेरा कुणी बोलावला आणि कुणी बोलावला नाही, हा योगायोग नाही, तो राज्यकर्त्यांचा निर्णय आहे. जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत १३,१५२ ज्यूंना पकडले, त्याचेही चित्रण नाही. पकडलेल्यांना जिथे कोंडले त्या व्हेल दिव क्रीडागृहाबाहेर उभ्या बसगाड्यांचे एक छायाचित्र तेवढे मिळते. चित्र नसणे हा इथे पुरावा आहे. त्या रिकाम्या जागेत वेस्टरबोर्कची गाडी घातली की हा पुरावा आपण स्वतःच्या हाताने नष्ट करतो, आणि लाव्हाल यांना जे दिसू द्यायचे नव्हते ते दिसलेच होते असा समज पसरवतो.

रेने यांचा दाखला देणाऱ्यांनी त्याच चित्रपटाची दुसरी हकीकतही सांगावी. ल्वारे भागातल्या छावणीच्या एका छायाचित्रात पहाऱ्यावर उभ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. अभ्यवेक्षण मंडळाने हरकत घेतली आणि ती टोपी झाकावी लागली. डच गाडी चालली, फ्रेंच टोपी चालली नाही.

उसनवारी केवळ देशादेशांत होत नाही, ती कथापटातून माहितीपटातही होते. लेऑन पोआरिए यांनी १९२८मध्ये व्हर्दंच्या खऱ्या रणभूमीवर, खऱ्या माजी सैनिकांना घेऊन चित्रपट केला. त्यातली दृश्ये आज १९१६च्या लढाईची म्हणून सर्रास दिसतात. रने क्लेमाँ यांच्या ‘ला बाताय द्यु राय’चेही तेच. १९४६च्या या चित्रपटात रेल्वे कामगारांनीच भूमिका केल्या, खरी गाडी खऱ्या रुळांवरून घसरवली गेली आणि ती बांधावरून कोसळताना टिपली गेली. मला तो चित्रपट मनापासून आवडतो. घातपात करणाऱ्या कामगारांचे धैर्य खरे होते, कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या. पण तो रेल्वेतल्या प्रतिकार संघटनेच्या आणि राष्ट्रीय रेल्वे एसएनसीएफच्या सहकार्याने बनला होता आणि त्याने उभी केलेली प्रतिमा अशी, की जणू सारी रेल्वेच प्रतिकारात होती. माणसे भरून पूर्वेकडे गेलेल्या गाड्याही याच रेल्वेने चालवल्या, हे त्यात नाही. अशी गाडी ओढायला नकार देणाऱ्या चालकाचे ज्ञात उदाहरण जवळजवळ एकट्या लेऑन ब्रोंशार यांचे. ३१ ऑक्टोबर १९४२ रोजी मोंतोबाँ स्थानकात राजकीय कैद्यांची गाडी न्यायला त्यांनी साफ नकार दिला. क्लेमाँ यांचे कोसळते इंजिन पुरावा म्हणून दाखवणारा माहितीपट एसएनसीएफला हवी असलेली स्मृती इतिहास म्हणून विकतो. एसएनसीएफच्या अध्यक्षांनी, द्रांसीच्या कैद्यांना जिथून नेले गेले त्या बोबिन्यी स्थानकात जाहीर खेद व्यक्त केला तो २०११मध्ये, त्या चित्रपटानंतर पासष्ट वर्षांनी.

रंग भरण्याबद्दल थोडक्यात. २००९च्या ‘आपोकालिप्स’ मालिकेपासून जुन्या फिती रंगवून, त्यांना आवाज चिकटवून दाखवण्याची लाट आली आहे. तरुणांना काळेपांढरे भावत नाही, असे कारण देतात. मला तरुणांचा हा अपमान वाटतो. शिवाय आडव्या पडद्यात बसवण्यासाठी चौकटीचा वरचा-खालचा भाग कापला जातो, आणि रेल्वेच्या फितीत नेमकी तिथेच माहिती असते. एसएनसीएफच्या इंजिनावर पहिला आकडा विभागाचा असे, १ पूर्वेचा, २ उत्तरेचा, ३ पश्चिमेचा. १४१ आर जातीची इंजिने अमेरिका-कॅनडातून १९४५च्या अखेरीपासून आली. म्हणजे १९४३ची म्हणून दाखवलेल्या फितीत ती दिसली, तर तारीख चुकली हे क्षणात कळते. आकड्याची पाटी कापली, धुराला रंग दिला, भलत्याच इंजिनाची शिटी घातली, की तपासण्याची सोयच संपते.

दुसऱ्या टोकाला उभे असलेले लोक म्हणतात, मग ही सगळी प्रचाराचीच चित्रे आहेत, टाकून द्या. क्लोद लांझमान यांनी ज्यू हत्याकांडावरच्या ‘शोआ’ या १९८५च्या नऊ तासांहून मोठ्या चित्रपटात जुनी फीत एकही वापरली नाही. त्या चित्रपटापुढे मी नतमस्तक आहे, पण त्याचा नियम करायला माझा विरोध आहे. आरोपीने लिहिलेला कागदही न्यायालयात वाचला जातो, फक्त तो आरोपीचा आहे हे सांगून.

हे कसे करावे याचे उत्तम उदाहरण आहे हारुन फारोकी यांचा २००७चा ‘आउफशुब’. चाळीस मिनिटे, सामग्री वेस्टरबोर्कचीच, आवाज मुळीच नाही, मध्ये फक्त लिखित पाट्या. ही फीत कुणी काढवली, छावणी किती कामाची आहे हे वरिष्ठांना दाखवण्याचा गेमेकरचा हेतू कसा होता, हे आधी कळते. मग फारोकी तेच दृश्य पुन्हा दाखवतात आणि आपल्याला पाहायला लावतात. हातगाडीवरून नेलेल्या एका आजारी स्त्रीच्या सुटकेसवर नाव आणि जन्मतारीख आहे, आणि त्यावरून गाडीची तारीख पक्की होते. डब्याचे दार लावायला आतलाच एक माणूस मदत करतो आहे. एवढ्या माणसांत कॅमेरा जवळून थांबला आहे तो एकाच चेहऱ्यावर, सेट्टेलाच्या. शब्द कमी, पण फीत बोलू लागते. क्लोद शाब्रोल यांनी १९९३मध्ये ‘विशीचा डोळा’ केला तेव्हा त्यांनीही हेच पथ्य पाळले. रॉबर्ट पॅक्स्टन आणि जाँ-पिएर आझेमा या इतिहासकारांच्या मदतीने विशी राजवटीचे वार्तापट त्यांनी वार्तापट म्हणूनच मांडले, त्यांना घटनेचा पुरावा केले नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक जुन्या दृश्याखाली ठिकाण, तारीख, चित्रण करणारा आणि करवून घेणारा यांची एक ओळ यावी, कथापटातला तुकडा असेल तर तसे लिहावे, आणि जिथे चित्र नाही तिथे ‘चित्रण झाले नाही’ असे पडद्यावर म्हणावे. द्रांसीबद्दल बोलायचे तर आजचे बोबिन्यी स्थानक दाखवा, कागदपत्रे दाखवा, गाड्यांच्या याद्या दाखवा. यात खर्चाचा प्रश्न नाही. इव्ह्रीच्या किल्ल्यातला फ्रेंच लष्कराचा चित्रफीत-संग्रह असो की गोमों-पाते या चित्रपट कंपन्यांचा, फिती नोंदींसह जतन करणे हेच त्यांचे काम आहे. ती नोंद पडद्यापर्यंत पोचत नाही, कारण ती गाळायची असे संकलनाच्या टेबलावर कुणीतरी ठरवलेले असते, आणि तिथे बसलेल्या माणसाने ते उद्याच्या कामापासून थांबवावे.