जटायूचे आख्यान आणि आपला मांजा

संक्रांतीच्या कीर्तनात जटायूचे आख्यान लावताना माझा कंठ दाटतो. विष्णुपुरी जलाशयाकाठी एकदा मांजाने पंख कापलेला बगळा आढळला. पुण्यबुद्धीने मी त्याच्या चोचीत गोदाजल घातले. ते श्वासनलिकेत उतरले असावे, तो हातातच गेला.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली. तरी भाविकांच्याही गच्चीवर तो दिसतोच! भाविकहो, जखमी पक्ष्याचा मांजा ओढू नये, जखमेच्या दोन्ही बाजूंस कापावा. दाणापाणी भरवू नये. वरून कापड टाकून उचलावे (बगळा डोळ्यांवर चोच मारतो), भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनखात्यास १९२६ क्रमांकावर कळवावे. माझे तीर्थ मात्र तांब्यातच राहिले असते तर बरे होते.