भोंगा कशासाठी वाजावा?

मुलांनो, जेवताना ज्याची दृष्टी मोबाइलवर खिळलेली असते, त्याला आपण किती खाल्ले याचे भान राहत नाही. पोट भरल्याची खूण शरीर देते. परंतु तिकडे लक्ष देणार कोण? इंदापूर तालुक्यातील बेलवाडीस तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते. तेथे धावलेल्या वारकऱ्यास कोरडी भाकरीही गोड लागते; दिवसभर पडद्यापुढे बसणाऱ्यास मात्र बारामतीच्या बाजारातील तळलेला खाऊही पुरत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपाय योजिला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला, की दीड तास मोबाइल व दूरदर्शनसंच बंद! हेतू अभ्यासाचा होता. आपल्याकडे असा भोंगा लाविल्यास तो ५ वाजता, मैदानासाठी वाजावा, असे माझे मत आहे. जेवणाच्या वेळी पुन्हा वाजला, तरी माझी हरकत नाही.