टाके तासाभराचे, खांदा सहा महिन्यांचा

हेमलकसा आणि भामरागडच्या आसपासच्या माडिया गावांत वर्ष खांद्यावर चालते. उन्हाळ्याच्या तोंडावर मोह, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी. अशा ठिकाणी झाडावरून पडून कुणाचा खांदा निखळला, की तो कसाबसा बसवला जातो आणि माणूस कामाला लागतो. पुढे हात डोक्यावर नेला की खांदा पुन्हा निसटतो. ‘जुना मार’ म्हणून ते दुखणे सोडून दिले जाते. प्रत्यक्षात अनेकदा आतली कड फाटलेली असते.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला मोठा गोळा. बशीच्या काठाला चिवट कूर्चेची कड असते, ती लॅब्रम. ती बशीची खोली वाढवते आणि गोळ्याला जागेवर धरते. खांदा पुढच्या बाजूला निखळला की बहुधा ही कड हाडापासून सुटते. इंग्लंडचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचे वर्णन केले. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते आणि दर खेपेला बशीचे हाडही झिजू शकते.

दुर्बिणीतून ही कड पुन्हा हाडाला शिवता येते. त्याला बहुधा तास-दोन तास पुरतात. पण कडेचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती सावकाश जुळते. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत. त्या काळात बोटे, मनगट आणि कोपर हलवत राहायचे. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खांद्याची हालचाल, साधारण तीन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम, आणि ओझे किंवा कुऱ्हाड चार ते सहा महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी तपासल्यावरच. घाई केली तर टाके सुटतात. भीतीने हात हलवलाच नाही तर खांदा आखडतो.

खरी अडचण इथेच आहे. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याहून कितीतरी दूर. पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद. आठवड्यातून दोनदा व्यायामाला या, हा शहरातला सल्ला इथे कागदावरच राहतो. सरकारी योजना रुग्णालयाचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नाही. म्हणून झोळी आठवड्यातच सुटते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे उपचार उभे केले ते रुग्णाच्या वाटेवर जाऊन, त्याची भाषा शिकून. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांनाही तोच न्याय हवा. तातडी नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख हंगाम पाहून ठरावी. घरी पाठवताना व्यायाम चित्रांसह आणि माडियात समजावलेले असावेत. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट यावा. गावातल्या आशा कार्यकर्तीला ताप, जखमेतून पू, हाताला बधिरपणा ही धोक्याची चिन्हे ठाऊक असावीत.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सार्थकी लावायचा असेल, तर रुग्ण घरी गेल्यानंतरचे सहा महिनेही उपचारात धरले पाहिजेत.