आग्रह कोणाचा?

मोह एकदा जिंकला की कायमचा जिंकला, अशी एक भाबडी समजूत आपल्या प्रवचनांतून आणि घरगुती उपदेशांतून चालत आलेली आहे. शुभवर्तमान तसे सांगत नाही. अरण्यातील परीक्षा संपल्यावर सैतान येशूपासून निघून गेला खरा, पण तो पुढील संधी येईपर्यंतच, असे संत लूक आवर्जून नोंदवतो (लूक ४:१३). जो प्रभूसाठीही संधीची वाट पाहतो, तो आपल्या आळीतील दारू सोडलेल्या माणसाचा पिच्छा सोडील काय?

ही संधी त्याला मिळवून कोण देतो? लग्नाचा मांडव आपण घालतो, बाप्तिस्म्याची मेजवानी आपण देतो. सहा महिने निग्रहाने दूर राहिलेला माणूस कोपऱ्यात खुर्ची ओढून बसला, की कोणी मामा, कोणी मावसभाऊ ग्लास घेऊन हजर होतो. "अरे, पुतण्याच्या लग्नात नाही, तर कधी घेणार? एकच घे." त्याने नाकारले, तर 'मोठा साधू झाला!' घेतले आणि पुन्हा घसरला, तर 'मनाचा दुबळा!' दोन्ही शेरे मारणारी तोंडे बहुधा एकच असतात. पापाचे प्रसंग टाळण्याचे वचन आपण प्रायश्चित्त संस्कारात देतो. आपण स्वतःच दुसऱ्याच्या पापाचा प्रसंग ठरलो, हे त्या वेळी किती जणांना आठवते?

'मन खंबीर असले की झाले', हे तर न पिणाऱ्यांचे आवडते तत्त्वज्ञान. डब्लिनच्या मॅट टॅलबटने आपल्या मनावर एवढा विश्वास कधीच टाकला नाही. १८५६ साली जन्मलेला हा मजूर कोवळ्या वयातच दारूच्या आहारी गेला. १८८४ साली एके दिवशी खिशात दमडी नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजली, त्यांपैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. त्या दिवशी त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची! मुदत संपली की तो ती वाढवीत गेला. बाहेर पडताना खिशात पैसे ठेवायचे नाहीत, असा त्याने नेम केला. १९२५ साली मिस्सेला जाताना रस्त्यातच त्याने देह ठेवला, तोपर्यंत एक्केचाळीस वर्षे ही शपथ टिकली होती. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले. मित्रांनी त्या दिवशी हात आखडता घेतला, हे त्याचे भाग्यच म्हणायचे. आपल्याकडचे मित्र फार उदार आहेत.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे काना गावचे लग्न. सहा रांजणांचा हा दाखला देणाऱ्यांना बायबलमधील दुसरे वचन क्वचितच पाठ असते. पण त्या लग्नात येशूने नको म्हणणाऱ्याच्या हाती पेला कोंबला, असे संत योहान कोठे लिहितो? उलट, ज्याने आपला बंधू अडखळतो ते मांस वा द्राक्षारस न घेणेच बरे, असे संत पौल रोमकरांना स्पष्ट बजावतो (रोम १४:२१).

असे ग्लास मीही पुढे केले आहेत. ते घेणाऱ्यांपैकी एक जण आज हयात नाही. येत्या जानेवारीत आमच्या घरी लग्न आहे. मांडवात दारू नसेल, हे मी पत्रिकेतच छापून घेतले आहे. काही सोयरे रुसले आहेत. त्यांनी खुशाल रुसावे.