‘हाहाहा’ लिहिताना आपण हसत असतो का?

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाळीसेक जणांचा. त्यातला एक मित्र हॉस्टेलमध्ये असताना मेसच्या पातळ डाळीवरही रोज नवा विनोद करायचा. मागच्या महिन्यात त्याने ग्रुपवर लिहिलं, “भावांनो, आजपासून आपण सगळ्या मॅच लाइव्ह बघणार. कंपनीने सुट्टी दिलीय. परत कधी यायचं ते मात्र सांगितलं नाही.” पाच मिनिटांत हसऱ्या इमोजींची रांग लागली. मीही एक टाकली. तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

दहा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्याला फोन केला, तेव्हा कळलं की त्याची नोकरी खरोखरच गेली होती. “मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. तो म्हणाला, “सांगितलं की. तुम सब हसे ना, तो मैं भी हसा.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. हीच गोष्ट तो चहाच्या टपरीवर बोलला असता, तर आमच्यापैकी एकाला तरी त्याचा आवाज ऐकून शंका आली असती. समोरासमोरच्या गप्पांचा वेग अफाट असतो. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच वेळ जातो, असं त्यात दिसलं. एवढ्या वेळात कोणी विनोद रचू शकत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तर रस्त्यावर, बाजारात लोक कशावर हसतात याच्या नोंदी केल्या. पाचातलं एकसुद्धा हसू धड विनोदावर आलेलं नव्हतं. बाकी सगळं “चल, भेटू मग” असल्या साध्या वाक्यांवर. म्हणजे आपण विनोदाला कमी आणि माणसाला जास्त हसतो.

लिहिलेल्या गप्पांत आवाज नाही, चेहरा नाही. ही अडचण जुनी आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद संगणकावर लिहिला गेला आणि काहींना तो खराच इशारा वाटला. तेव्हा स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबरला सुचवलं, की गंमत असेल तिथे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी आडवी पडलेली हसरी खूण करावी. गंमत कोणती आणि गंभीर काय, हे कळावं म्हणून ती खूण आली. आज तीच खूण आपण गंभीर गोष्ट लपवायला वापरतो. माझ्या मित्राने तेच केलं. आणि आम्ही ती खूण पावतीसारखी परत केली: मेसेज मिळाला, पुढे चला.

मी याच धंद्यात आहे, म्हणून थोडं यंत्राच्या आतलंही सांगतो. २०१५ साली गूगलने ईमेलला तयार उत्तरं सुचवणारी सोय आणली. तिच्या सुरुवातीच्या नमुन्याला एक विचित्र खोड होती. कसलाही मेल असो, तो “आय लव्ह यू” हे उत्तर सुचवायचा! कारण साधं होतं. लोक जे वारंवार लिहितात, ते यंत्राला बिनधोक वाटतं. ती खोड नंतर काढली गेली, पण तत्त्व तेच राहिलं. जे उत्तर कुठेही चालेल, ते आधी पुढे येतं. उत्स्फूर्त बोलणं याच्या नेमकं उलट असतं. ते त्याच माणसाला, त्याच क्षणी लागू पडतं आणि दुसरीकडे पाठवलं तर निरर्थक होतं. म्हणूनच ते फॉरवर्ड करता येत नाही.

याचा अर्थ ठरलेलं सगळं खोटं असतं असा नाही. ‘अस्सलामु अलैकुम’ शतकानुशतकं ठरलेलंच आहे. पण ते डोळ्यांत बघून म्हटलं जातं आणि त्यामागोमाग “अम्मीची तब्येत कशी आहे?” हा प्रश्न येतो. स्टँडअप कलाकारही एकेक वाक्य महिनोन्‌महिने घासतो, पण तो मंचावर उभा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. फसगत होते ती मित्रांमधला कट्टा नकळत मंच बनतो तेव्हा. मग जो तो टाळ्यांसाठी बोलतो. समोरच्याला काय झालंय, हे विचारायला कोणी मोकळं राहत नाही.

आपल्या ठरवून बोलण्याला दुसरंही एक कारण आहे. ते म्हणजे भीती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्याबद्दल मनात आलेलं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. ज्या कलम ६६-अ खाली अशा अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. कलम गेलं, सवय राहिली. ऑफिसच्या ग्रुपवर आपल्यातले कितीजण एक ओळ तीनदा टाइप करतात, खोडतात आणि शेवटी नुसता अंगठा टाकतात! त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार मला नाही. मीही त्यांच्यातलाच आहे.

पण ही भीती फक्त बाहेरून येते असं म्हणून सुटकाही नाही. खानदानच्या ग्रुपवर एखाद्या मुलीने लग्नाच्या स्थळावर मिश्कील ओळ लिहिली, तर तिचा स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत तीन खालांकडे पोहोचतो. पुढच्या वेळी ती फक्त ‘माशाअल्लाह’ लिहिते. मग आपणच म्हणतो, आजकालची मुलं मोकळं बोलत नाहीत.

मोकळं बोलणं ही बोलणाऱ्याची कला असते, तेवढीच ऐकणाऱ्याने दिलेली हमीही असते. कायदा, राजकारण, कंपन्या हे आपण एका दिवसात बदलणार नाही. आपल्या दहा माणसांना ही हमी मात्र आजच देता येईल. विश्वासाने लिहिलेलं बाहेर पाठवायचं नाही. फसलेल्या विनोदाची नोंद ठेवायची नाही. आणि जो नेहमी हसवतो, त्याला अधूनमधून विनाकारण फोन करायचा.

माझ्या मित्राला आता दर रविवारी फोन करतो. नोकरी अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. परवा बोलता बोलता दोघंही पोट धरून हसलो. कशावर, ते इथे लिहून बघितलं, पण लिहिल्यावर त्यात हसण्यासारखं काहीच उरलं नाही.