चहाच्या कपातले दोन शेतकरी



रोज सकाळी आपल्या कपात दोन शेतकरी भेटतात. साखरेचा ऊस कदाचित आपल्या बारडोलीचा, चहाचे पान आसाम किंवा उत्तर बंगालचे. कायद्याने मात्र दोघांना सारखे वागवलेले नाही.

ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. किमान दर केंद्र सरकार ठरवते. चहाचा कायदा 1953 चा, मोठे मळे डोळ्यांपुढे ठेवून केलेला. आज निम्म्याहून अधिक चहा लहान शेतकऱ्यांच्या पानांपासून होतो. खुडलेले पान टिकत नाही, म्हणून घासाघीस करायला सवड नसते. पानाचा भाव चहाच्या विक्रीभावाशी बांधलेला. बाजार पडला की तोही पडतो.

2022 मध्ये वाणिज्य मंत्रालयाने नव्या कायद्याचा मसुदा काढला. त्यात जुने निर्बंध काढण्यावर भर होता. निर्बंध जरूर जावेत. पण नुसती मोकळीक बलवानाच्याच उपयोगी पडते. किमान दर आणि पैशांची मुदत हे उसाला मिळालेले संरक्षण चहालाही हवे. उधारीवर कापूस विकणे काय असते, हे खानदेशातून आलेल्या घरांना सांगायला नको.

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांनी यावर अवश्य चर्चा करावी.

— मुख्याध्यापक