विश्लेषण : खालिद जमील यांच्याकडून भारतीय फुटबॉलला नेमक्या काय अपेक्षा? खेळाडू ते प्रशिक्षक हा प्रवास कसा घडला?

तब्बल १३ वर्षांनंतर भारतीय पुरुष फुटबॉल संघाची धुरा भारतीय प्रशिक्षकाकडे आली. मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील १ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्य प्रशिक्षक झाले. पण अवघ्या अडीच महिन्यांत आशिया चषकाचे दार बंद झाले. हे अपयश प्रशिक्षकाचे की व्यवस्थेचे?

निवड का झाली?

या पदासाठी १७० अर्ज आले होते. अखेरच्या तिघांत जमील यांच्यासह भारताचे माजी प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तार्कोविच होते. याआधी पूर्णवेळ जबाबदारी सांभाळणारे शेवटचे भारतीय म्हणजे गोव्याचे साव्हियो मेडेरा, तेही माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. त्यांचा कार्यकाळ २०१२ मध्ये संपला. खेळाडू ते राष्ट्रीय प्रशिक्षक ही वाट पी. के. बॅनर्जी, सय्यद नईमुद्दीन यांच्यापासूनची. मधल्या काळात मात्र परदेशी प्रशिक्षक हाच नियम झाला.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

१९७७ मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले जमील मधल्या फळीत खेळत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे त्यांचे क्लब, म्हणजे कारकीर्द मुंबईतच गेली. भारताची जर्सीही त्यांनी घातली. मात्र दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले.

ऐझॉलचा चमत्कार काय होता?

मुंबई एफसीकडे पैसा कमी, तरी जमील यांच्या सात वर्षांत संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. ते गेल्यानंतरच्या २०१६-१७ च्या हंगामात मात्र तो घसरला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. हा संघ आदल्या वर्षी घसरला होता. गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. ३७ गुणांसह त्याने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. देशाची अव्वल लीग जिंकणारा तो ईशान्य भारतातील पहिला क्लब ठरला.

पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी आयएसएलची उपांत्य फेरी गाठून दिली आणि २०२१ मध्ये या लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षकपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. लीग सुरू होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. २०२४-२५ मध्ये जमशेदपूरही उपांत्य फेरीत पोहोचले. भक्कम बचाव, झटपट प्रतिहल्ला आणि कमी साधनांत जास्त निकाल, ही त्यांची ओळख.

मग भारत का अडखळला?

सुरुवात झकास झाली. काफा नेशन्स चषकात ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानात २-१ ने हरवले, तिसऱ्या स्थानासाठी ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात केली.

पात्रता फेरीचे गणित मात्र आधीच बिघडले होते. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि जमील आले तेव्हा भारताकडे दोन सामन्यांत एकच गुण होता. सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी १-१ बरोबरी साधली. पण १४ ऑक्टोबरला मडगावात आघाडी घेऊनही १-२ असा पराभव झाला आणि आशा संपल्या. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही ०-१ असे हरवले. बांगलादेशकडून २२ वर्षांतला हा पहिलाच पराभव.

याच काळात हक्कांच्या करारावरील वादामुळे आयएसएल ठप्प होती. लीगच नसेल तर खेळाडूंना सामन्यांचा सराव कुठून मिळणार? क्लबचा प्रशिक्षक संघाला रोज घडवतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती मोजकेच दिवस येतात. ऐझॉलमध्ये जमील यांना पूर्ण हंगाम मिळाला होता. इथे तो मिळत नाही.

पुढे काय?

मडगावातील आघाडी का टिकली नाही, याचे उत्तर जमील यांना द्यावेच लागेल. मात्र लीग, वयोगट स्पर्धा आणि प्रशिक्षक घडवण्याचे काम महासंघाचे आहे. प्रशिक्षकाच्या परवान्याची वाट 'डी' पासून सुरू होऊन सी, बी, ए करत 'प्रो' पर्यंत जाते. नरसी नामदेवसारख्या गावातील शाळेच्या मैदानावर 'डी' परवान्याचा एक प्रशिक्षक पोहोचला, तरी तिथल्या मुलांसाठी ती खरी सुरुवात ठरेल. प्रशिक्षक भारतीय की परदेशी, हा वाद त्यानंतरचा.